न विचारता काढलेलं भाकीत

कांचन काळमेघ नोकरीत होत्या तेव्हा मुलं त्यांना घाबरत, आणि निवृत्त झाल्यावर शेजारी घाबरायला लागले. चंडीगडच्या सेक्टर त्रेचाळीसमध्ये, बस अड्ड्यापासून जवळच त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. खाली कुणी गाडी वाकडी लावली की वरून एकच हाक येई. ती हाक ऐकून सरदारजीसुद्धा मुकाट्याने गाडी सरळ करत.

बाई मूळच्या अमरावतीच्या. तिथल्या व्यायाम महाविद्यालयात कबड्डी खेळून केंद्रीय शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या आणि बदल्या घेत घेत भोपाळ, जम्मू करून इथे रुजल्या. नवरा पांडुरंग दूरसंचार खात्यात. बायकोची बदली झाली की तोही त्या गावची बदली मागून घेई. स्वभावाने इतका मऊ, की घरातला आवाज म्हणजे बाईंचाच आवाज. मुलगा एकच, सुश्रुत. आईच्याच शाळेत शिकला आणि आईच्याच शिट्टीखाली खेळला.

आठवीत असताना शाळेचा अंतिम सामना होता. शेवटची चढाई सुश्रुतची. त्याने दोन गडी मारले, परत फिरला, आणि सगळं मैदान उसळलं. बाईंनी शिट्टी फुंकली. परतताना त्याची टाच बाहेरच्या रेषेपलीकडे टेकली होती. ती दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. बाईंनी पाहिली होती. पोरगा बाद, संघ हरला. त्या दिवसानंतर सुश्रुतने मैदानावर पाय ठेवला नाही, आणि बाईंनी त्याला एकदाही ‘ये’ म्हटलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण सुश्रुत पतियाळ्याला इंजिनिअरिंगला असताना एका सकाळी पांडुरंगच्या छातीत कळ आली. बाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं धापा टाकणारी, लंगडणारी, आजाराचं सोंग घेणारी पोरं त्यांनी नुसत्या नजरेने ओळखली होती. म्हणाल्या, “पित्त आहे. खाली दोन फेऱ्या मारून या, बरं वाटेल.” पांडुरंग नेहमीप्रमाणे ऐकून खाली उतरला, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही.

सुश्रुतने आईला त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान भांडण झालं असतं. त्याने मोहालीत नोकरी धरली, आईच्याच घरात राहिला, आणि दोघं एका छपराखाली वैऱ्यांसारखे नांदू लागले. बाई मराठीत बोलत, तो हिंदीत उत्तर देई. तेही विजेचं बिल, गॅस, दरवाजाची किल्ली, एवढ्यापुरतंच.

बाईंना बासष्टावं लागलं त्या हिवाळ्यात मानेवर गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. कडाक्याच्या थंडीत पहाटे उशी घामाने भिजलेली असे. सलवार कमरेवरून घसरायला लागली. तरी बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. शेवटी एक दिवस सुश्रुतनेच जेवताना मानेकडे बोट दाखवून विचारलं, “ये क्या है?”

“काही नाही. गाठ आहे.”

“तूच पाहून ठरवलंस?” हे मात्र त्याने मराठीत विचारलं. बाईंना ते बरोबर लागलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच इस्पितळात गेल्या.

गाठीचा तुकडा तपासला गेला. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. वेगाने वाढणाऱ्या जातीचा, पण औषधाला बऱ्याचदा दाद देणारा. डॉक्टर गुरलीन भुल्लर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सहा वेळा औषध चढवायचं ठरवलं आणि त्याआधी पेट स्कॅन करून आणायला सांगितलं.

त्या स्कॅनची बाईंना चीडच आली. उपाशीपोटी बोलावलं, शिरेतून किरणोत्सारी साखर टोचली आणि एका छोट्या खोलीत निजवून सांगितलं, की तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइलही बघायचा नाही. हललात तर स्नायू साखर खातील आणि चित्र बिघडेल. जन्मभर दुसऱ्यांना पळवणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रोगाच्या पेशी साखरेच्या हावऱ्या असतात, जिथे त्या जमल्या असतील तिथे चित्र पेटतं, असं तंत्रज्ञाने समजावलं. मग यंत्राच्या बोगद्यातून शरीर आतबाहेर झालं, आणि परतताना हातात रिपोर्ट व चित्रांची सीडी मिळाली. घरी येऊन बाईंनी दोन्ही टीव्हीखालच्या खणात टाकलं.

त्या खणातून सुश्रुतने सीडी उचलली. त्याची कंपनी नेमकं हेच काम करत होती. लिम्फोमाच्या हजारो रुग्णांचे उपचारापूर्वीचे स्कॅन, त्यांची नावं पुसून आणि परवानगी घेऊन, इस्पितळांकडून येत. रोग एकूण किती जागा व्यापून आहे, दोन टोकांच्या गाठींमध्ये किती अंतर आहे, कडा कशा आहेत, हे सगळं संगणक मोजी आणि पहिलं औषध चढायच्या आधीच सांगे, की हा रुग्ण दाद देईल की नाही. अजून हे अभ्यासापुरतंच होतं. कुठल्याही डॉक्टरने त्यावरून उपचार बदलायचा नव्हता, आणि कंपनीतल्या कुणी घरचा स्कॅन त्यात घालायचा तर नव्हताच.

सुश्रुतने घातला. उत्तर वाईट आलं. असा स्कॅन असलेल्या शंभर माणसांत नेहमीच्या औषधाने तीसेक जण पूर्ण बरे झाले होते. तो आईला न सांगता डॉक्टर भुल्लरना भेटला आणि सुरुवातीपासूनच जास्त कडक औषधं द्या म्हणून गळ घालू लागला. त्यांनी नकार दिला. कडक औषधं सुरुवातीलाच दिली तर जास्त फायदा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, उलट त्या औषधांनीच माणूस दगावू शकतो, असं त्यांनी त्याला सांगितलं. मधला स्कॅन मात्र लक्ष देऊन पाहू म्हणाल्या.

हे बाईंना कळलं ते डॉक्टरांच्याच तोंडून. पहिलं औषध चढायच्या दिवशी डॉक्टर सहज म्हणाल्या, “बेटे के नंबर से घबराइए मत, आंटीजी. वो सिर्फ अंदाजा है.”

“कौनसा नंबर?” बाईंनी विचारलं.

खोलीत सुश्रुत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी जे होतं ते सरळ सांगितलं, तीस हा आकडाही सांगितला. बाई ऐकत राहिल्या. डॉक्टर बाहेर गेल्यावर त्या मुलाकडे वळल्या. राग मस्तकात गेला की त्यांची अमरावती बाहेर येई.

“तुले कोनं सांगतलं होतं माह्यात डोकावाले?”

“मम्मी, मैं तो बस...”

“मले इचारलं काय तू? मी मेली नाही अजून. जित्या माणसाचा पंचनामा करून राहिला.”

“पूछता तो तू हाँ बोलती?”

“नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस.” आता त्यांचा आवाज पुन्हा वर्गात बोलल्यासारखा थंड झाला होता. “निघ इथून. पुन्हा या इमारतीत दिसायचं नाही.”

तो निघाला नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. लाल औषधाची पिशवी लावायला आलेल्या परिचारिकेने विचारलं, बाहेर बसलेत ते तुमचे कोण? बाई म्हणाल्या, “मी त्याला ओळखत नाही.” परिचारिकेने सुरक्षारक्षकाला सांगितलं, आणि रक्षकाने सुश्रुतला रीतसर दंड धरून जिन्यापर्यंत नेलं. काचेतून ते बाईंना दिसलं. त्यांनी मान वळवली नाही, की रक्षकाला थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात सुश्रुतने झीरकपूरला भाड्याने खोली घेतली. बाईंना बरं वाटलं. पुढच्या फेऱ्यांना त्या ऑटोने एकट्या गेल्या, एकट्या आल्या. केस गळायला लागले तेव्हा सेक्टरातल्या न्हाव्याला घरी बोलावून सगळं डोकं सफाचट करून घेतलं. उलट्या होत तेव्हा बाथरूमचं दार आतून लावत, शेजारच्या बाईने वाजवलं तरी उघडत नसत. या सगळ्यात त्यांना उभं धरलं होतं ते एकाच गोष्टीने. त्यांना मुलाला खोटं पाडायचं होतं. देवाकडेसुद्धा त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

आणि गाठ खरोखरच वितळली. दुसऱ्या फेरीनंतर मान पूर्ववत झाली, घाम थांबला, भूक लागू लागली. बाई सकाळी पुन्हा सोसायटीला चकरा मारू लागल्या. डोक्याला रुमाल, हात मागे बांधलेले. तिसऱ्या फेरीनंतर मधला स्कॅन झाला. मान, छाती, काख, सगळीकडचं पेटलेलं विझलं होतं. पोटात, मणक्यांपाशी, एकच ठिपका उरला होता. तो यकृतापेक्षा जास्त उजळ आहे, डॉक्टर म्हणाल्या. यकृताचा उजळपणा ही मोजपट्टी. तिच्याखाली असलं तर निश्चिंत, वर असलं तर सांगता येत नाही. ते औषधाने झालेली सूज असू शकतं, रोगही असू शकतो.

बाईंनी फक्त पहिलं अर्धं ऐकलं. तो घर सोडून गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच मुलाला फोन लावला.

“गाठ गेली. तुझ्या त्या डबड्याला सांग.”

“रिपोर्ट भेज.”

“का? पुन्हा भविष्य बघणार?”

“एक जगह बची है ना? मुझे डॉक्टर ने नहीं बताया, मुझे पता है कहाँ होगी. पेट में, रीढ़ के पास. पहिल्या स्कॅनमध्ये तीच जागा सगळ्यात वाईट होती.”

बाईंनी फोन बंद केला. तो खरं बोलला होता याचा त्यांना जेवढा राग आला तेवढा तो खोटं बोलला असता तरी आला नसता.

सहाही फेऱ्या पार पडल्या आणि शेवटचा स्कॅन झाला. त्या दिवशी डॉक्टर भुल्लरनी दार लावून घेतलं, तेव्हाच बाई समजल्या. पोटातला ठिपका मोठा झाला होता. शेजारी आणखी दोन पेटले होते. रोगाने औषध ओळखलं होतं आणि तो उलटला होता. आता नवी, जास्त कडक औषधं द्यायची. त्यांना गाठींनी दाद दिली तर बाईंच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून जपून ठेवायच्या, मग एकच जबरदस्त मात्रा देऊन हाडांतल्या मज्जेसकट सगळं साफ करायचं आणि त्या पेशी परत सोडायच्या. या वयात सहसा आम्ही कचरतो, पण तुमचं हृदय खेळाडूचं आहे, डॉक्टर म्हणाल्या.

बाई बाहेर पडल्या आणि घरी गेल्या नाहीत. बस अड्ड्यावरून त्यांनी मोहालीची बस धरली आणि विचारत विचारत सुश्रुतच्या कंपनीत पोचल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने थांबायला सांगितलं तर तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने आपणच उठून दार उघडलं.

सुश्रुत उभा राहिला. बाकीच्यांनीही माना वर केल्या.

“दाखव,” बाई म्हणाल्या. “काय पाहिलं होतंस ते दाखव.”

त्याने वाद घातला नाही. पडद्यावर एक राखाडी आकृती आली आणि स्वतःभोवती हळूहळू फिरू लागली. खांदे बाईंचे होते. जन्मभर आरशात पाहिलेले, चढाईसाठी जरा पुढे झुकलेले खांदे. या चित्रात पेटलेली जागा काळी दिसत होती. मेंदू, हृदय, मूत्राशय काळे. ते सगळ्यांचेच असतात, सुश्रुत म्हणाला. त्याखेरीज मानेत, छातीत, पोटात काळे डाग विखुरलेले. शाई सांडावी तसे. बाई खुर्ची न घेता बघत राहिल्या. पेशंट म्हणून गेल्या सहा महिन्यांत कुणीच त्यांना हे दाखवलं नव्हतं.

“हे तू फेब्रुवारीत पाहिलंस.”

“हो.”

“आणि तुझं बरोबर निघालं.”

सुश्रुतने फिरणारी आकृती थांबवली.

“आता जे देणार आहेत, त्याला मी दाद देईन का? हे काय म्हणतं?”

“उसके लिए बना नहीं है. सिर्फ पहली दवा का बताता है.”

“म्हणजे कामाच्या वेळी मुकं.”

एवढ्यात त्याचा वरिष्ठ, नवदीप ग्रेवाल, तिथे येऊन उभा राहिला होता. उंच, सभ्य माणूस. त्याने पडद्याकडे पाहिलं, बाईंच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाला. त्याने अदबीने विचारलं, “आंटीजी, ये आपका स्कैन है? आपने सुश्रुत को इजाज़त दी थी ना?”

प्रश्न असा विचारला होता की नुसतं ‘हाँ’ म्हटलं की संपलं असतं. ग्रेवालला ‘हाँ’च हवं होतं. सुश्रुत आईकडे पाहत नव्हता, टेबलाच्या कडेकडे पाहत होता. त्याला आईचं उत्तर ठाऊक असावं.

“नहीं,” बाई म्हणाल्या. “मुझसे किसी ने नहीं पूछा.”

मग त्या आल्या तशा निघाल्या. लिफ्टपाशी सुश्रुत मागून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि इतक्या वर्षांनी तो आईशी सबंध मराठीत बोलला. अडखळत, हिंदी वळणाचं, पण मराठीत.

“तू एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं?”

“खोटं झालं असतं.”

“पप्पांच्या वेळी तू नुसतं बघून सांगितलं, पित्त आहे. मी मोजून सांगितलं आणि ते खरं निघालं. तरी चोर मीच?”

लिफ्ट आली. बाई आत शिरल्या. “पांडुरंगचं नाव घेऊन माझ्याकडून काही वदवून घ्यायचं असेल तर ते व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या. दार बंद झालं. खाली उतरेपर्यंत त्यांनी लिफ्टमधला दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ते मात्र कुणी पाहिलं नाही.

सुश्रुतची नोकरी गेली नाही, पण त्याला त्या कामावरून काढून दाताच्या एक्स-रेंच्या कामावर बसवलं. बाईंचा स्कॅन कंपनीने पुसून टाकला. ज्या रुग्णाच्या बाबतीत संगणकाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता, तो रुग्ण त्यांच्या अभ्यासात कुठेच उरला नाही.

नव्या औषधांनी बाईंचे असे हाल केले की कुत्रा खाईना. तोंड सोललं, पायांतली ताकद गेली. पण गाठी विझल्या, आणि डॉक्टरांनी पेशी काढायचा दिवस ठरवला. तेव्हा एक अडचण निघाली. मोठ्या मात्रेनंतर संसर्ग टाळायला बंद खोलीत राहायचं, तर घरचं कुणीतरी एक माणूस दिवसभर सोबत हवं, असा नियम होता. अमरावतीचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. शेजारीण चालणार नव्हती. बाईंनी दोन दिवस विचार केला, मग फोन उचलला.

“माणूस लागतं म्हणतात. दुसरं कोणी नाही, म्हणून तुला विचारते.”

सुश्रुत म्हणाला, “पूछ रही है?”

“हो. विचारते आहे. नाही म्हणायचं तर म्हण.”

तो आला. त्या काचेच्या खोलीत दोघं तोंडाला मास्क लावून भांडले. पाणी किती प्यायचं यावरून भांडले, चमचा कसा धुतला यावरून भांडले. एकदा ताप चढला असताना बाईंनी त्याच्या हातातला पेजेचा वाडगा उडवून दिला, आणि त्याने तो पुसून, दुसरा आणून, पुन्हा समोर धरला. “खा. मला तुझी दया नाही येत. खा,” असं तो म्हणाला, आणि बाईंनी खाल्लं. दया आली असती तर त्यांनी खाल्लं नसतं. परत सोडलेल्या पेशी रुजून रक्तात पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या त्या दिवशी डॉक्टर भुल्लर हसत आत आल्या, तेव्हा मायलेक पंख्यावरून वाद घालत होते.

तीन महिन्यांनी झालेला स्कॅन कोरा होता. त्यानंतरचाही. पुढचं आत्ताच सांगता येत नाही, डॉक्टर म्हणतात, आणि बाईंना त्यांचं ते उत्तर आवडतं.

सुश्रुत झीरकपूरलाच राहतो. रविवारी येतो, बाईंच्या हातची झुणका-भाकर जेवतो, आणि भांडी घासून जातो. पुण्याहून त्याला नोकरी चालून आली आहे. “जा,” बाई म्हणतात, “मी काय कुणाला धरून ठेवलंय?” तो अजून गेलेला नाही, आणि त्याचं कारणही त्याने सांगितलेलं नाही. परवा जेवता जेवता तो म्हणाला, की त्याचं त्या वेळी बरोबर होतं, एवढं तरी तिने मान्य करावं.

“बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “ते कधी नाही म्हटलं मी? तुझी चढाई चांगलीच होती, पाय बाहेर होता.”

सुश्रुतने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेला. नळ जोरात सोडल्याचा आवाज आला. बाईंनी आपलं ताटही त्याच्या मागोमाग नेऊन ओट्यावर ठेवलं, आणि साबण जास्त घेतोस म्हणून त्याला बोलायला सुरुवात केली.